पाचपैकी तीन

मार्च महिना आला की आमच्या लॅबमध्ये तो फॉर्म येतो आणि माझं डोकं फिरतं. आपणच आपल्याला मार्क द्यायचे. कामाला किती, वेळेला किती, सहकाऱ्यांशी वागण्याला किती, नवीन शिकण्याला किती आणि शेवटी कमिटमेंटला किती. प्रत्येकी पाचपैकी. ह्या कमिटमेंटला मराठीत काय म्हणायचं ते मला आजही ठाऊक नाही. बांधिलकी म्हटलं की मला मोर्चा आठवतो.

मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त येतं, मी मशीनला लावते, आणि मशीनला शंका आली की काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघते. राहते मुलुंडला. म्हणजे सकाळी बसने घाटकोपर, तिथून मेट्रो, पुढे रिक्षा, आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं. एकोणीस वर्षं मान वाकवून काचा बघितल्यावर मानेचं जे व्हायचं ते झालंय. डॉक्टर पट्टा लावा म्हणतात. पट्टा लावला की मायक्रोस्कोपवर वाकता येत नाही. आता बोला.

तर हा फॉर्म सुरू झाल्यापासून दरवर्षी मी सगळीकडे तीन लिहीत आले. पाचही रकान्यांत तीन. दोन लिहिणं म्हणजे उगाच रडगाणं, आणि चार-पाच म्हणजे अगदीच निर्लज्जपणा. तीन कसं, सभ्य वाटतं.

हे माझ्यात कुठून आलं ते मला नीट माहीत आहे. आमच्याकडे पाहुणे जेवायला बसले आणि कुणी म्हणालं, वा, काय आमटी झालीय, तर आई लगेच म्हणायची, कसली आमटी, मीठच कमी पडलंय. मीठ बरोबर असायचं. तिला पण माहीत असायचं. मी बारावीला चांगले मार्क मिळवले तेव्हा शेजारच्या काकू पेढा मागायला आल्या, तर आई त्यांना म्हणाली, "कसली हुशार गो, नुसती धांदरट मेली." आणि म्हणता म्हणता काकूंच्या हातावर एकाऐवजी चार पेढे ठेवले. मी दारामागे उभी राहून ऐकत होते, आणि मला वाईटसुद्धा वाटलं नाही. कौतुक असंच करतात अशी माझी समजूत होती.

वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर होते. ते म्हणायचे, आपण काम करत राहायचं, साहेबाला दिसतं. आणि त्यांचं खरं होतं हो. त्यांचा फोरमन दिवसातून चार वेळा मशीनच्या मागे येऊन उभा राहायचा, तयार झालेला पार्ट हातात घेऊन बोटाने चाचपायचा. त्याला दिसायचं. माझा साहेब तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि त्याला जे दिसतं ते कॉम्प्युटरमध्ये भरलेलं दिसतं. हा फरक माझ्या लक्षात यायला एकोणीस वर्षं लागली. धांदरट नाही, मठ्ठच म्हणायला हवं.

आता ती बर्फाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. दुपारी बाराच्या सुमाराला आमच्या एरियातली लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, पण शीतखोलीचा कॉम्प्रेसर झटक्यात जळाला. त्या खोलीत सगळे नमुने असतात, पुन्हा तपासायचे, बाहेर पाठवायचे. चार तासांत वाट लागली असती. त्यात तान्ह्या बाळांचे नमुने होते. त्या एवढ्याशा हातातून एकदा रक्त काढताना आईबाप रडवेले होतात, त्यांना परत बोलवून पुन्हा सुई टोचू म्हणून कोण सांगणार. साहेब परिषदेला गेलेले, फोन लागत नव्हता. मेंटेनन्सवाला म्हणाला, मेकॅनिक संध्याकाळपर्यंत येईल. सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे.

मला मरोळचा मच्छी बाजार आठवला. मी शुक्रवारी घरी जाताना तिथून मासळी नेते. माझी एक ठरलेली कोळीण आहे, तिच्याकडे बर्फाची कमी नसते. मी रिक्षा पकडली. सोबत माझ्या सेक्शनमधली एक ज्युनियर घेतली, तीसेक वर्षांची, बोरिवलीची, दोन-तीन वर्षांपूर्वी लागलेली. हुशार पोरगी. हात हलका, नजर चांगली, इंग्रजी मात्र माझ्यापेक्षा कच्चं.

कोळिणीला सांगितलं, बर्फ हवाय, पेट्याही हव्यात, रक्त ठेवायचंय. ती माझ्याकडे दोन मिनिटं बघत राहिली. मग म्हणाली, "ने गं बाय. पन पेट्या परत आन, नायतर उद्याला माजा माल कशात ठेवू?" थर्माकोलच्या सहा पेट्या भरून दिल्या. ज्युनियरच्या मांडीवर दोन, माझ्या मांडीवर दोन, पायाशी दोन. रिक्षावाला नाक दाबून चालवत होता. लॅबमध्ये आल्यावर पेट्यांना आतून प्लास्टिक लावलं, बर्फावर पुठ्ठा घातला, कारण रक्त थंड राहायला हवं पण गोठता कामा नये, आणि वर नमुने रचले. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर बघत मी तिथेच बसून राहिले. संध्याकाळी मेकॅनिक आला. एकही नमुना फुकट गेला नाही. दोन दिवस आख्ख्या मजल्याला पापलेटचा वास येत होता. साहेब आले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "हे काय केलंत?" मी म्हटलं, "काही नाही सर, थोडी अडचण होती, निभावली." संपलं. एवढंच बोलले मी.

पुढच्या मार्चला फॉर्म आला. कॅन्टीनमध्ये ती ज्युनियर माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली. "ताई, काय लिहू? मला काही सुचत नाही."

आता बघा हं. दुसऱ्याचं कौतुक करायला माझी जीभ कधी अडत नाही. मी म्हटलं, सरक इकडे. तिचा हात किती हलका आहे, लहान मुलं तिच्याकडे रडत नाहीत, तिने मशीनचं नवीन सॉफ्टवेअर सगळ्यांच्या आधी शिकून घेतलं, हे सगळं मी इंग्रजीत झकास वाक्यं करून लिहिलं. प्रत्येक रकान्यात पाच. ती म्हणाली, "ताई, पाच? बरं दिसेल का?" मी म्हटलं, "खरं आहे ते लिहायला लाजायचं कशाला?"

हे मी म्हणाले. मी.

शेवटी कमिटमेंटचा रकाना आला. पाच टाकलं की खाली एक चौकट उघडते, उदाहरण द्या म्हणते. तिच्याकडे उदाहरण नव्हतं. मी म्हटलं, बर्फाचं लिही ना. ती म्हणाली, "ताई, ते तर तुम्ही..." मी म्हटलं, "तू होतीस ना सोबत? मांडीवर पेट्या कुणाच्या होत्या? लिही." आणि मीच टाइप केलं, आणीबाणीच्या वेळी तासाभरात पर्यायी शीतव्यवस्था उभी केली, एकही नमुना वाया जाऊ दिला नाही. मासळी बाजाराचा उल्लेख टाळला. तिला किती आनंद झाला. मला चहा पाजला तिने.

मग मी माझा फॉर्म उघडला आणि पाच वेळा तीन दाबून पाठवून दिला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तीन टाकलं की ती चौकट उघडतच नाही. तीनला कुणी कारण विचारत नाही. ती चौकट मी दुसरीच्या फॉर्मवर पहिल्यांदा बघितली होती, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

जूनमध्ये बातमी आली, मुलुंडला आपली नवीन लॅब उघडतेय, इन्चार्ज हवी. जागा कुठे, तर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी भाजी आणायला जाते त्याच रस्त्यावर. इन्चार्जला दिवसभर काचा बघाव्या लागत नाहीत. ती काम वाटून देते, रिपोर्ट तपासते, मान वर करून बसते. मी घरी येऊन अहोंना सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्याशिवाय आहे कोण?" मी तोंडाने म्हटलं, "बघू, नशिबात असेल तर." पण मनात मी त्या लॅबमध्ये टेबल कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला बोलू. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की भाजी आणायला मुद्दाम लांबच्या फुटपाथने जायचे आणि आत रंगकाम कुठवर आलंय ते बघायचे.

ती जागा माझ्या ज्युनियरला मिळाली.

मी एचआरमध्ये गेले. तिथली मुलगी फार गोड बोलते, आणि त्याचाच जास्त राग येतो. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "मॅम, सरासरी चार लागते ना. तुमची साडेतीन आहे." मी विचारलं, साडेतीन कशी? "तुम्ही स्वतःला तीन दिलेत, सरांनी चार. ज्यांना जागा मिळाली त्यांची साडेचार आहे, स्वतः पाच आणि सरांचे चार." मग तिने आवाज खाली आणला. "आणि मॅम, कमिटमेंटला तुम्ही दरवर्षी तीन देता. म्हणजे सिस्टीमला असं वाटतं की तुमचं इथे मन लागत नाही. तुमच्या नावापुढे तशी खूण येते, की या कधीही सोडून जातील."

एकोणीस वर्षं. मुलगी तापाने फणफणलेली असताना आले, सासरे गेले तर तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी आले. आणि मशीन म्हणतं या कधीही सोडून जातील. मला हसावं की तिच्या टेबलावरची कुंडी उचलून स्क्रीनवर मारावी तेच कळेना. मी फक्त "बरं" म्हटलं आणि जिन्याने वर गेले, कारण लिफ्टमध्ये रडू आलं असतं.

साहेबांना विचारलं, "सर, चार कसे? तुम्ही तर सगळ्यांना सांगता, माझ्याशिवाय सेक्शन चालत नाही." ते खरोखर गोंधळले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुम्ही स्वतःला तीन दिलेत, मॅडम. एकापेक्षा जास्त वाढवायचे तर मला मोठं कारण लिहावं लागतं. पंचवीस फॉर्म असतात. आणि मला वाटलं, तुम्हाला जबाबदारी नको असेल." जरा थांबून म्हणाले, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

कधी बोलला नाहीत. अहो, बोलायचं काय होतं? तुमच्या नाकाला वास येत होता ना पापलेटचा?

पण हे मी त्यांना म्हणाले नाही. खाली येऊन मायक्रोस्कोपवर बसले. त्या दिवशी माझ्यासमोरच्या काचा मी तीन तीन वेळा बघितल्या, कारण रागाच्या भरात कुणाच्या रिपोर्टमध्ये चूक झाली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं. घ्या, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

ज्युनियर पेढे घेऊन आली. माझ्या पाया पडायला वाकली. "ताई, तुमच्यामुळे झालं." तिला काय बोलणार? तिने काही चोरलं नव्हतं. मीच ताटात वाढून दिलं होतं, वर तूप घालून. मी म्हटलं, "छान काम कर," आणि पेढा खाल्ला. गोड लागला नाही, एवढंच सांगते.

घरी अहोंना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "तू तीन का लिहितेस पण?" मी म्हटलं, "मग काय, स्वतःच स्वतःला पाच देऊ?" ते म्हणाले, "तिला दिलेस ना." त्यांच्यावर मी इतकी भडकले की दोन दिवस धड बोलले नाही. खरं बोलणाऱ्या माणसावरचा राग जास्त दिवस टिकतो.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते विचारू नका. सकाळी बसस्टॉपवर जाताना ती नवीन लॅब लागायची. काचेचं दार, हिरवी पाटी, आत माझं टेबल. मी ठरवलं होतं त्याच कोपऱ्यात ठेवलंय, हे विशेष. मी तिच्यासमोरून जाऊन बस पकडायची, घाटकोपरला मेट्रोत चढायचं, आणि अंधेरीला मान वाकवून बसायचं. आणि ज्युनियर बिचारी बोरिवलीहून मुलुंडला यायची. आठवड्यातून एकदा तिचा फोन असायचाच. "ताई, किती लांब पडतं हो. जीव नकोसा होतो." एकदा तर म्हणाली, "तुमचं बरं आहे ताई, तुमचं घर इथेच." मी फोन कानापासून दूर धरून भिंतीकडे बघत राहिले.

यंदा फेब्रुवारीत तिने मालाडच्या शाखेत बदली मागितली. घराजवळ हवी म्हणून सरळ अर्ज केला, आणि पंधरा दिवसांत मिळाली. मागितली आणि मिळाली. मुलुंडची जागा पुन्हा रिकामी झाली.

आणि मार्च आला.

या वेळी मी रविवारी दुपारी घरी, जेवणाच्या टेबलावर फॉर्म उघडला. कामाला पाच टाकलं. चौकट उघडली. बोटं थांबली. खरंच सांगते, कान गरम झाले, जसं कुणी मागे उभं राहून वाचतंय. आई जाऊन आठ वर्षं झाली, तरी मला ऐकू आलं, मीठच कमी पडलंय. मी उठले, पाणी प्यायले, परत बसले. चौकटीत काचांचं लिहिलं. मशीनने बरोबर म्हणून सोडलेले आणि मी थांबवलेले रिपोर्ट, ज्यांना मी शिकवलं ती आठ माणसं, सगळं. दीड तास लागला. कमिटमेंटला पाच टाकलं आणि खाली बघते तर यंदा नवीन भानगड. उदाहरण तुम्ही लिहायचं नाही, सहकाऱ्याने लिहायचं. एकच सहकारी निवडायचा. साक्षीदार म्हणा ना.

बर्फाच्या दिवशी रिक्षात माझ्यासोबत एकच माणूस होतं. मी तिचं नाव निवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मालाडहून. आवाज खूश होता. "ताई, तुमचा फॉर्म आलाय माझ्याकडे. सांगा ना, काय लिहू?"

आणि माझ्या तोंडून सवयीने काय निघालं माहितीये? "लिही गं काहीतरी. फार नको लिहूस."

ती म्हणाली, "बरं, मग थोडक्यात लिहिते, की ताई खूप मेहनती आहेत." आणि ती फोन ठेवणार होती.

"थांब," मी म्हटलं. "ठेवू नकोस. लॅपटॉप समोर आहे? मी सांगते ते लिही. मे महिन्यात शीतखोली बंद पडली, तेव्हा यांनी मरोळच्या मच्छी बाजारातून बर्फ आणला."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. मग ती हळूच म्हणाली, "ताई, हे तर माझ्या फॉर्ममध्ये आहे. तुम्हीच लिहिलं होतंत. सिस्टीममध्ये दोन्ही दिसेल. मला विचारतील."

"विचारू देत," मी म्हटलं. "मी लिहून दिलं म्हणून सांग. ती माझी चूक, माझ्यावर घाल. पण बर्फाची कल्पना कुणाची, कोळिणीकडे तोंड कुणी वेंगाडलं, दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर कोण बघत होतं, हे तुला माहीत आहे. तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

तिच्या मागे मालाडच्या लॅबमधली माणसं नंबर पुकारत होती, एक लहान मूल रडत होतं. या वेळी तिला सोपं करून द्यायचं नाही, असं मनाशी घट्ट धरून राहिले.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "पेट्या किती होत्या?"

"सहा," मी म्हटलं. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही पेट्या मी धुऊन त्या कोळिणीला परत नेऊन दिल्या. तेही लिही."